रोजच्या वापरातला वारसा

खंडेनवमीच्या सकाळी बदलापूर, आसनगाव किंवा विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये चढलात, तर डबा चटकन ओळखू येत नाही. वरच्या कड्यांना झेंडूच्या माळा, खिडक्यांच्या गजांना आंब्याचे डहाळे, समोरासमोरच्या बाकांमध्ये देवीची तसबीर आणि तिच्यापुढे नारळ, विड्याची पानं, पेढ्यांचा पुडा. फुलं आदल्या संध्याकाळी घरी परतताना दादरच्या बाजारातून उचललेली असतात आणि माळा रात्री जागून ओवलेल्या. गाडी फलाटाला लागली की रोजच्या ग्रुपमधली मंडळी आधी आत शिरतात आणि सजावट उरकून घेतात, कारण पुढच्या दोन स्टेशनांनंतर हात वर करायलाही जागा उरत नाही. आरती होते, टाळ वाजतात. कुणीतरी धावत पुढे जाऊन मोटरमनला हार घालतं, मागे गार्डच्या हातात नारळ ठेवतं. घड्याळाचा काटा जागेवर आला की गाडी सुटते. पूजेसाठी ती एक मिनिटही थांबत नाही आणि थांबावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

त्याच दिवशी परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लेथ मशिनला, क्रेनला, हातोड्या-पान्यांना हळदकुंकू लागलेलं असतं. शेतकरी नांगराची पूजा करतो, सुतार करवतीची. त्याच न्यायाने चाकरमानी आपल्या लोकलची पूजा करतो. खरं तर ज्या हत्यारावर पोट चालतं त्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची असते. लोकलला विश्रांती देता येत नाही, म्हणून तिची पूजा चालत्या गाडीतच होते.

मुंबईच्या रेल्वेचा वारसा कुठे पाहायला मिळेल, असं मला कुणी विचारलं तर मी आधी या डब्यात घेऊन जाईन. बोरीबंदरचा घुमट त्यानंतर. घुमटाचं मोल मला कमी वाटत नाही, पण वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोरी लावून, पाटी ठोकून जपलेली वस्तू येते आणि मुंबईच्या लोकलला ती व्याख्या पुरत नाही. तिच्या स्टेशनांतून, पुलांखालून, रुळांवरून करोनापूर्वी रोज 75 लाखांच्या आसपास माणसं जात होती, आणि आजही उपनगरी गाड्यांच्या रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. दीडशे वर्षांपूर्वीचं बांधकाम आणि आज सकाळची 8.12 एकाच जागी नांदतात. हे पुस्तक त्या वापरातल्या वारशाबद्दल आहे.

इतिहासाची सुरुवात सर्वांना पाठ आहे. 16 एप्रिल 1853, दुपारी साडेतीनच्या सुमारास 21 तोफांची सलामी, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, आणि बोरीबंदर ते ठाणे हा 34 किलोमीटरचा प्रवास. तो दिवस मोठा होता यात शंका नाही. पण तोफा आणि निमंत्रित यांच्या गर्दीत एक गोष्ट मागे पडते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबांची जीआयपी, मुंबईकरांना कामावर पोचवण्यासाठी जन्माला आली नव्हती. दख्खन आणि वऱ्हाडातला कापूस बंदरापर्यंत आणायचा आणि विलायती माल आत न्यायचा, हा त्यामागचा हिशेब होता. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी रेल्वेचा आग्रह धरला तो या शहराच्या व्यापाराचं भवितव्य ओळखून. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या नकाशांवरही सगळा भर घाट ओलांडण्यावर होता. माणसांची रोजची ने-आण हा त्यांच्या दृष्टीने जोडधंदा होता.

माझ्या मते लोकलची खरी जन्मतारीख शोधायची तर पश्चिमेकडे जावं लागतं. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने 12 एप्रिल 1867 रोजी विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू केली. ती सकाळी शहराकडे यायची आणि संध्याकाळी परत जायची. वाटेत पहाडी नावाचं स्टेशन होतं, ते म्हणजे आजचं गोरेगाव. या गाडीला तोफांची सलामी मिळाली नाही आणि तिच्या जन्मदिवशी आज कुणी केकही कापत नाही. मात्र सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, हे मुंबईकर आयुष्याचं वेळापत्रक त्या एका फेरीत पहिल्यांदा छापलं गेलं. राहायचं एका गावात आणि पोट भरायचं दुसऱ्या गावात, ही सोय आधी थोड्यांची होती. पुढे ती लाखोंची सक्ती झाली.

मराठी माणसासाठी या वेळापत्रकाचा अर्थ आणखी खोल आहे. गिरगावातल्या चाळीतून दादर, दादरहून पार्ले, पुढे ठाणे, डोंबिवली, आणि आता बदलापूर, टिटवाळा, विरार: दोन-तीन पिढ्यांची स्थलांतरं रेल्वेच्या रुळांवरून झाली. एकेका घराचा इतिहास पासावरच्या स्टेशनांवरून लिहिता येईल. गिरण्यांमध्ये आलेला कोकणातला आणि घाटावरचा कामगार परळ-लालबागला चालत कामावर जायचा. त्याच्या नातवाला त्याच परळला उतरून काचेच्या इमारतीत जायला दीड तास गाडीत उभं राहावं लागतं. डोंबिवलीची नाटकं, पार्ल्याचे संगीतोत्सव, ठाण्याच्या व्याख्यानमाला या सगळ्यांना श्रोता मिळाला तो शेवटच्या गाडीच्या भरवशावर.

विजेचा विषय मी या पुस्तकात मुद्दाम लांबवला आहे, कारण त्यावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी) ते कुर्ला या हार्बरच्या मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर लेस्ली विल्सन समारंभाला होते. त्यांचं नाव दिलेलं जुनं विजेचं इंजिन आज सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत उभं आहे. पश्चिमेला जानेवारी 1928 मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर वीज आली. वाफेचं इंजिन सुटायला आणि थांबायला वेळ घेतं आणि दर टोकाला ते सोडवून दुसऱ्या बाजूला जोडावं लागतं. दोन-दोन किलोमीटरवर स्टेशनं असलेल्या मार्गावर अशी गाडी चालवून गर्दी उपसणं अशक्य होतं. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. चर्चगेटला आल्यावर मोटरमन या टोकाची केबिन बंद करतो, गार्डशी जागेची अदलाबदल होते आणि काही मिनिटांत तीच गाडी उलटी निघते. मुंबईची लोकल जी वारंवारता गाठू शकली ती या साध्या सोयीमुळे.

तारेतली ही वीज 1500 व्होल्टची डीसी होती. कमी व्होल्टेजवर ताकद काढायची तर प्रवाह प्रचंड लागतो, तारा जाड लागतात आणि थोड्या-थोड्या अंतरावर सबस्टेशन उभारावं लागतं. बारा डब्यांच्या गाड्या वाढू लागल्या तशी ही यंत्रणा दमायला लागली, म्हणून 25,000 व्होल्टच्या एसीकडे जायचं ठरलं. ऐकायला हे तारा बदलण्याचं काम वाटतं. प्रत्यक्षात इतक्या उच्च दाबाच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त अंतर लागतं आणि मुंबईतले जुने रस्त्यांचे पूल वाफेच्या इंजिनाची धुराडी पार होण्याइतकेच उंच बांधलेले होते. पूल उचलता येत नव्हते, म्हणून कित्येक ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले, काही पूल पाडावे लागले. रात्रीच्या ब्लॉकमध्ये, रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये, गाड्या चालू ठेवून हे काम वर्षानुवर्षं झालं. पश्चिम रेल्वेचं रूपांतर 2012 मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेचं एप्रिल 2016 मध्ये. रविवारी आपण मेगाब्लॉकच्या नावाने बोटं मोडली, तेव्हा फावडी आणि पहारी घेऊन गँगमन रुळांखालची खडी काढत होते. जगातल्या कुठल्याही शहराने अभिमानाने सांगावं असं हे काम आहे आणि त्याची एक साधी पाटीसुद्धा कुठल्या फलाटावर नाही.

इमारतींबद्दल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची निर्मिती, 1878 मध्ये सुरुवात आणि 1888 मध्ये पूर्णत्व. 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. दगडातले मोर, माकडं, खारी, पानंफुलं यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, तेव्हा मी एवढंच सांगेन की तिचा सर्वांत देखणा भाग, कमानींचं आणि रंगीत संगमरवरी खांबांचं दालन, आजही तिकीटघर आहे. ठाण्याचं तिकीट काढायला रांगेत उभा असलेला माणूस राजवाड्याच्या छताखाली उभा असतो. या वास्तूचं याहून योग्य जतन मला सुचत नाही.

भायखळ्याची गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी. भायखळ्याचं स्टेशन पहिल्या गाडीपासूनचं. आजची दगडी इमारत 1857 ची. कित्येक दशकं तिच्यावर ऑइल पेंटचे थरावर थर चढत गेले, कमानी पत्र्याने बंद झाल्या, वायरींची जाळी लोंबू लागली. रोज जाणाऱ्याला ती इमारत दिसेनाशीच झाली होती. 2019 पासून पुढची तीन वर्षं तिथे जीर्णोद्धाराचं काम चाललं. रंग खरवडल्यावर आतला दगड उघडा पडला, लाकूडकाम मोकळं झालं, जाळ्या आणि कमानी पुन्हा उजेडात आल्या. हे सगळं होत असताना स्टेशन एक दिवसही बंद नव्हतं. कारागीर पहाडावर चढून दगड घासत होते आणि खालून भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं, राणीच्या बागेला निघालेली कुटुंबं जात होती. 2022 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. तिकीट खिडकीपाशी उभं राहून वर पाहणारी माणसं मी तिथे आता पाहतो. रोजच्या प्रवाशाने मान वर करून छताकडे पाहावं, हा मला त्या पुरस्काराइतकाच मोठा सन्मान वाटतो.

याउलट सँडहर्स्ट रोड. खाली मेन लाइन आणि वर खांबांवरून जाणारी हार्बर, असं हे दुमजली स्टेशन. त्या लोखंडी खांबांवर नीट पाहिलं तर जी.आय.पी.आर. ही अक्षरं आणि 1921 हे साल उठावात दिसतं. गाडीची वाट पाहताना माणसं त्या अक्षरांना टेकून उभी असतात. पुढच्या रंगकामात तो आकडा पुन्हा बुजेल अशी भीती मला प्रत्येक वेळी वाटते. मस्जिदजवळचा कर्नाक पूल 1868 चा. तो धोकादायक झाला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये मोठा ब्लॉक घेऊन पाडला गेला. पाडणं भागच होतं. त्याच्या बेसॉल्टच्या दगडांवर पुलाचं नाव इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत कोरलेलं होतं. ते दगड वाचवले गेले, कारण रेल्वेतल्याच काही माणसांना त्यांची किंमत ठाऊक होती.

काही गोष्टी पूर्ण गेल्या. कुलाब्याला एकेकाळी टर्मिनस होतं. 1930 च्या अखेरीस ते बंद झालं आणि लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलवर गेल्या. आज त्या जागी बधवार पार्कमध्ये रेल्वे अधिकाऱ्यांची घरं आहेत. बॅलार्ड पिअरला थेट बोटीच्या तोंडाशी गाडी लागायची. ट्रॉम्बे ते अंधेरी अशी एक लाइन 1928 ते 1934 अशी जेमतेम सहा वर्षं चालली आणि उखडली गेली. तिची एकच खूण उरली आहे. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडला अनेक जण बोरीबंदरशी जोडतात. ती अक्षरं सेंट्रल सॅल्सेट ट्रामवेची आहेत. रोज त्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांच्या चाकांखाली एक हरवलेली रेल्वे आहे.

आता माणसांकडे येतो, कारण या पुस्तकाची निम्मी पानं त्यांची आहेत. मोटरमनच्या हाताखाली जी मूठ असते ती गाडी चालू असताना दाबूनच ठेवावी लागते. हात सुटला, माणूस कोसळला, तर ब्रेक आपोआप लागतात. रेल्वेत तिला डेडमॅन म्हणतात. मागून गार्डच्या दोन घंटा ऐकल्याशिवाय गाडी हलत नाही. तीन-चार मिनिटांच्या अंतराने मागोमाग गाड्या, समोर रूळ ओलांडणारी माणसं, आणि तासन्‌तास ती मूठ दाबलेला हात. या कामाचं वर्णन निवृत्त मोटरमनांच्या तोंडून ऐकताना माझ्या लक्षात आलं की अपघाताबद्दल ते स्वतःहून कधी बोलत नाहीत. रुळावर आलेल्या माणसाचा चेहरा काचेतून दिसतो आणि गाडी थांबवता येत नाही, एवढं सांगून ते विषय बदलतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या पुरुषांच्या जगात आल्या. एप्रिल 2000 मध्ये त्यांनी मध्य रेल्वेची लेडीज स्पेशल चालवली, 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यामागून आलेल्या मुलींना आज कुणी वळून पाहत नाही, हेच त्यांच्या कामाचं फळ.

वर्कशॉपचं ज्ञान मात्र कागदावर नाही. परळचं वर्कशॉप 1879 चं, माटुंग्याचं 1915 चं. परळच्या जागेवर टर्मिनस करण्याची योजना पुढे आल्यापासून तिथल्या जुन्या फिटरांशी बोलण्याची घाई करावी असं मला वाटू लागलं. नेरळ-माथेरानच्या छोट्या इंजिनांवरही तिथे काम झालं आहे. चाकाच्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे, हातोडी मारून नादावरून तडा सांगणारे लोक अजून आहेत. कल्याण, डोंबिवली, कुर्ल्यात राहतात, सकाळी कट्ट्यावर बसतात. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

प्रवाशांनी घडवलेल्या रीती हाही वारसाच. 1890 पासून चालत आलेली डबेवाल्यांची व्यवस्था उभी आहे ती लोकलच्या वेळापत्रकावर आणि लगेजच्या डब्यावर. मावळ, खेड, जुन्नरच्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, मुलांच्या परीक्षांचे अभ्यास तोंडी घेतले जातात. चौथ्या सीटवर टेकायला जागा देणं, मांडीवर अनोळखी माणसाची बॅग घेणं, कोण कुठे उतरणार हे विचारून जागेचा नंबर लावणं, यातला एकही नियम रेल्वेने केलेला नाही. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, तेव्हा जखमींना आधी बाहेर काढलं ते डब्यातल्या सहप्रवाशांनी आणि रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी. दुसऱ्या दिवशी त्या मार्गावर गाड्या धावत होत्या.

या सहनशक्तीचं कौतुक करताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते, आणि ती इथे स्पष्ट लिहायला हवी. गर्दीला मुंबईचं स्पिरिट म्हणून वारशाच्या खात्यात टाकणं मला मान्य नाही. अलीकडच्या वर्षांतही उपनगरी मार्गांवर दरसाल दोन हजारांवर माणसं मरतात: रूळ ओलांडताना, दारातून पडून, फलाट आणि पायरीच्या फटीत सापडून. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले. उघड्या दारातला वारा ही लोकलची खूण आहे, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या दारात वर्षानुवर्षं उभा राहिलो आहे आणि तो वारा मलाही प्रिय आहे. तरीही ती दारं बंद व्हायला हवीत, प्रत्येक गाडीची, आणि आत श्वास घेता येईल इतक्या गाड्या वाढायला हव्यात. ज्या गोष्टीने माणसं मरतात ती जपण्याजोगी नसते. जुन्या फलाटाची दगडी कड रुंद पुलासाठी काढावी लागली तर ती काढावी, तिचा फोटो आणि मोजमाप ठेवावं, आणि पूल आधी बांधावा. रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांनीच ही मागणी सर्वांत मोठ्या आवाजात केली पाहिजे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. प्रकरणं सालांनुसार लावलेली नाहीत, मार्गांनुसार लावली आहेत. प्रत्येक प्रकरण त्या मार्गाच्या टोकाच्या स्टेशनापासून शहराकडे येतं, कारण रोजचा प्रवासीही तसाच येतो. मोनो, मेट्रो यांना इथे जागा नाही. त्यांचा इतिहास अजून घडतो आहे. मार्गांमध्ये पहिला मान हार्बरला दिला आहे. हार्बरवर सगळं शेवटी येतं, ही वडाळा, चेंबूर, मानखुर्दच्या प्रवाशांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. बारा डब्यांच्या गाड्या तिथे 2016 मध्ये पोचल्या, मुंबईतली डीसी वीज शेवटी बंद झाली तीही तिथेच, जुन्या गाड्यांची डागडुजी करत दिवस काढले ते याच मार्गाने. देशातली पहिली विजेची गाडी मात्र 1925 मध्ये याच रुळांवरून गेली, आणि रे रोडच्या फलाटावर उभ्या असलेल्या फार थोड्या लोकांना ते कुणी सांगितलेलं आहे.